दुसरा प्रयोगही होऊ द्या

माननीय संपादक, स. न.

आमच्या नौपाड्यातल्या एका सभागृहात हौशी मुलांनी चार समलिंगी मित्रांवरचं नाटक केलं. दुसऱ्या प्रयोगाला मात्र हॉल नाकारला. कारण काय, तर ‘इथे कुटुंबं येतात.’ मी सून आणि कॉलेजातल्या नातवाला घेऊन गेले होते. आम्हीही कुटुंबच आहोत.

एक प्रसंग डोळ्यांपुढून हलत नाही. घरच्यांच्या धाकाने एक मित्र मुलगी बघायला निघालाय. ज्याचा त्याच्यावर जीव आहे तो त्याच्या शर्टाला इस्त्री करतो. कॉलरवरून दोनदा, तीनदा. तोंडातून शब्द नाही. मागच्या रांगेत आधी कुणी फिदीफिदी हसलं, मग चिडीचूप.

मला माझा धाकटा भाऊ आठवला. त्याने लग्न केलं नाही. त्याचा मित्र दर रविवारी जेवायला यायचा. भाऊ गेला त्या दिवशी तो दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. मीसुद्धा नाही.

विषय नवा म्हणावा, तर विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 सालचं. त्यात मुलीचं मुलीवरचं प्रेम आहे. सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले असे संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी कलम 377 च्या निकालात सांगितलं. मग अडतं कुठे?

ही मुलं नोकऱ्या सांभाळून रात्री तालमी करतात. विश्वस्तांनी एकदा प्रयोग बघावा. त्यांची तिकिटं मी काढते.

– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे