लघुअनियतकालिकांची मलपृष्ठे फाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुअनियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय निघणाऱ्या छोट्या वाङ्मयीन अंकांचा, विषय निघाला की १९५४ मधले ‘शब्द’ हे अनियतकालिक आणि १९६९ मध्ये निषेध म्हणून जाळलेला ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाचा अंक एवढ्यावर चर्चा संपते. एखाद्या छोट्या अंकाने किती वर्षे तग धरली, तो कुठे छापला, पैसा कुणी घातला, हे अंकातच लिहिलेले असते. ते बहुधा मलपृष्ठावर, जाहिरातीत किंवा वर्गणीच्या चिठ्ठीवर सापडते. ग्रंथालयांत वर्षाचे अंक एकत्र बांधताना नेमकी हीच पाने काढून टाकली जातात. हे थांबले पाहिजे.

नोंदणी असलेल्या नियतकालिकात फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी सगळी नावे त्यात असतात. मालकी कोणत्या वर्षी बदलली, हे वर्षावर्षाचे फॉर्म शेजारी ठेवले की कळते. अनियतकालिके बहुतेक नोंदणीविना निघत. तिथे मुद्रकाची ओळ, वेष्टनावरचा टपालाचा शिक्का आणि इतर मासिकांतली ‘पोच’ (अंक मिळाल्याची छापील नोंद) यांवरून तारीख लावावी लागते. अंकावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नये. जोडअंक निघाले की क्रम हमखास चुकतो आणि न निघालेला अंक सूचीत शिरतो.

सायक्लोस्टाइल अंकांची, म्हणजे मेणकागदी स्टेन्सिलवरून प्रती काढलेल्या अंकांची, स्थिती सर्वांत नाजूक आहे. शाई शोषली जावी म्हणून कागद सच्छिद्र आणि बहुधा हलका वापरत. तो आम्लामुळे पिवळा पडून घडीवर तुटतो. शाईतले तेल अक्षराभोवती पसरते, मागची बाजू पुढे दिसू लागते. गंजलेल्या पिना ओढून काढल्या तर पान फाटते. आधी मागचे दोन्ही पाय पातळ पात्याने उभे करा, मग पीन समोरून उचला. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन मुळीच नको. अंक आम्लरहित कागदात आडवा ठेवावा.

स्कॅन रंगीत आणि किमान ३०० डीपीआयचा हवा. फिक्या सायक्लोस्टाइलला ६०० लागतो. पानामागे काळा कागद ठेवला की मागची अक्षरे बरीच दबतात. कोरी पाने आणि आत सापडलेल्या चिठ्ठ्याही स्कॅन कराव्यात. यंत्राच्या अक्षरओळखीवर मात्र भिस्त नको: स्टेन्सिलवर शिरोरेषा तुटते, मात्रा गळतात, म्हणून लेखकांची नावे आणि शीर्षके हातानेच टंकावी लागतात. काम कंटाळवाणे आहे खरे, पण पुढच्या अभ्यासकाला पहिल्यांदा तीच लागतात.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून मजकूर जालावर टाकण्यापूर्वी वारसांना विचारा. अंकवार लेखक-शीर्षक सूची मात्र आजच खुली करता येते, तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आपला,
एक सूचीकार