डिकीत सिलिंडर, मग व्हीलचेअर कुठे?

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन पुण्याहून गणपतीपुळ्याला गेलो. ती व्हीलचेअरवर असते, हे भाड्याची गाडी ठरवताना फोनवर दोनदा सांगितले होते. ‘काही काळजी करू नका साहेब.’ पहाटे दारात आली ती सीएनजीवरची गाडी; डिकीत निम्मी जागा सिलिंडरची, वर कॅरियरही नाही. शेवटी घडी केलेली खुर्ची मागच्या सीटवर आईशेजारी कोंबली. आंबा घाटात प्रत्येक वळणाला तिचे चाक आईच्या गुडघ्यावर येत होते.

उचलून बसवायला चालकाने मदत केली, त्याला दोष नाही. पण रॅम्पची गाडी मागितली की एजन्सीवाले रुग्णवाहिकेचा नंबर देतात! आई आजारी नाही, तिला समुद्र बघायचा होता.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४१ मध्ये वाहनांत बदल करून घेण्यासाठी सवलतींच्या योजनांचाही उल्लेख आहे. त्यातून निदान प्रत्येक जिल्ह्यात रॅम्पच्या दोन-चार टॅक्सी तरी याव्यात. तोवर गाडी ठरवतानाच ‘डिकी रिकामी’ एवढे खात्रीने कळले तरी पुष्कळ.

– एक वाचक, पुणे