फॉरमॅट मारू देऊ नकोस

ऐरोली, रविवार

प्रिय शमे,

फोनवर सांगितलं असतं तर अर्ध्यात "बरं बरं, कर काय ते" म्हणून तू मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र. इकडे सगळे ठीक, माझी पाठ होती तशीच आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा काकूंकडे येऊन म्हणाला, "विंडोज जुनं झालंय, फॉरमॅट मारतो, संध्याकाळी मशीन परत." आणि तू होकार दिलास! अगं, फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं, आणि नानांचं सगळं लिखाण त्याच कॉम्प्युटरच्या डब्यात आहे. शिवाय फॉरमॅटने मशीन नीटही व्हायचं नाही.

मशीन रांगतंय ते विंडोजमुळे नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडला, तर प्रोसेसर १० टक्क्यांच्या आसपास निवांत बसलेला आणि डिस्क सलग १०० टक्के. आता हीच डिस्क वाचतेय किती, तर सेकंदाला जेमतेम १ एमबी. प्रतिसादाचा सरासरी वेळ ९०० मिलिसेकंदांच्या वर. धडधाकट हार्ड डिस्कला १०-२० पुरतात. म्हणजे तिला कामाचा भार झालेला नाही, ती तेच ते खराब सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे बारीक कप्पे, पुन्हापुन्हा वाचून बघतेय आणि बाकी सगळे तिच्यामागे खोळंबलेत. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं तर पिवळा 'कॉशन', म्हणजे धोक्याचा इशारा. ०५ या ओळीत बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर असतात, सी५ मध्ये अजून वाचता न आलेले. दोन्हीकडे शून्याऐवजी आकडे आहेत. (ते हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले दिसतात, १एफ म्हणजे ३१. तू बघशील तेव्हा 'एवढेच?' म्हणू नकोस.)

अशा डिस्कवर फॉरमॅट मारून काय होणार? क्विक फॉरमॅटने फायलींची यादी नवी होते, डिस्कचा आतला पत्रा तोच राहतो. नवं विंडोज चार दिवस बरं चालेल, मग पुन्हा ये माझ्या मागल्या. आणि ते नवं विंडोज बसणार कुठे, तर नानांच्या फायली होत्या त्याच जागेवर.

तुझं ते डीफ्रॅगचं, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावायचं, वेडही आता नको. हॉस्टेलवर त्यावरून तू आठवडाभर अबोला धरला होतास! चांगल्या हार्ड डिस्कला डीफ्रॅग मानवतं, विंडोज १० ते आठवड्याला आपणहून करतं. मरणपंथाच्या डिस्कला मात्र हजारो तुकडे इकडून तिकडे उचलायला लावणं म्हणजे तापात माणसाला माळशेजला चढवणं. डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कला 'आर' लावून, म्हणजे खराब सेक्टर शोधायला लावून, चालवणंही तसलंच. आधी माल बाहेर, मग दुरुस्ती.

आणि माल म्हणजे नुसतं 'डॉक्युमेंट्स' नाही. नाना डेस्कटॉपवर ठेवायचे, डी ड्राइव्हमध्ये ठेवायचे, 'नवीन फोल्डर (४)' मध्येही ठेवायचे. पण माझ्या जिवाला खरा घोर फॉन्टचा आहे. त्यांचं टायपिंग श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधलं, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचं. त्या फायलीत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो, असतं रोमन अक्षराचं नाहीतर चिन्हाचं कोड, आणि फॉन्ट त्यावर मराठी रूप चढवतो. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही समोर नुसता किडामुंगीचा कारभार. पेन ड्राइव्हवर वर्ड फाइल घेतली, झालं काम, असं त्या मुलाला वाटेल. म्हणून विंडोजमधलं फॉन्ट्सचं फोल्डर अख्खं उचलायचं. आणि महत्त्वाच्या फायली त्याच मशीनवर उघडून 'प्रिंट टू पीडीएफ' करायच्या, म्हणजे अक्षरांचे आकार पीडीएफमध्येच बसतात. युनिकोडमध्ये बदलणं सावकाश करू. त्यात रफार आणि जोडाक्षरं हटकून चुकतात, कुणीतरी ओळ न् ओळ वाचावी लागते. ते कुणीतरी म्हणजे तू.

कॉपी करताना अख्खा ड्राइव्ह एकदम ओढायचा नाही. एका खराब फाइलवर अडकलं की सगळंच लटकतं. छोटी फोल्डरं आधी, अडेल ते वगळून पुढे, फोटो शेवटी.

मग हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता पत्रा नसलेली वेगवान डिस्क. वापरलेली जागा ११० च्या आत आहे, पुरेल. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करणार नाही, खराब सेक्टरवर ते मध्येच बसतं आणि पार पडलंच तरी मोडक्या सिस्टिम फायली नव्या डिस्कवर येतात. कोरं विंडोज १० टाकायचं, टाकताना जुनी डिस्क काढून ठेवायची. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी इंटरनेट लागलं की आपोआप चालू होतं. रॅम ४ जीबी आहे, एक खाच रिकामी. तिथे डीडीआर-३ चीच ४ जीबीची कांडी हवी, डीडीआर-४ ची बसतच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. जुन्या कांडीचे सोनेरी पाय खोडरबरने पुसून घेईन. खाडीच्या दमट हवेत त्यांवर मळ धरतो.

प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-३, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत नाही. तिथे इंटेल आठव्या पिढीपासून पुढचे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा काकूंनी बँकेचं काही तिथे करायचं नाही. लिहायला, फोटो बघायला मशीन उत्तम.

धूळ आहेच. मशीनची वायर काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारायचा. मोकळा सोडला तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. आणि घड्याळ सारखं मागे जातंय, म्हणून वेबसाइटी 'सुरक्षित नाही' म्हणून ओरडतात. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सीआर२०३२ चा गोल सेल बदलला की गप्प बसतील.

हो, तू गणपतीत टाकलेले दोन अँटिव्हायरस आणि तो रजिस्ट्री क्लीनर! दोन्ही अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासतात, एक तर मुदत संपल्यापासून रोज पैसे मागतो. नव्यात विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, पुरे. तुला पासवर्ड देणार नाही.

पिंट्याच्या दहावीचं काय? तुझी बदली नागपूरलाच का? लिही सविस्तर, मी मेली काय तेवढीच लिहू?

मशीन बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून काकूंचं सॉलिटेअर बुडालं. खापर तुझ्यावर. श्रीलिपीचं डाँगल, ते प्रिंटर पोर्टला लागायचं ते किल्लीसारखं यंत्र, नानांनी कुठे ठेवलंय आठवतं का? लोखंडी कपाटाच्या खणात नाही. आणि त्या मुलाला आजच्या आज फोन कर, तो उद्या दहाला येणार आहे.

तुझी,
वीणा