अश्रू पुरे, ट्रान्सक्रिप्ट द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मुस्लिम जगातल्या शिक्षणावरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ कळते, पण मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत सगळ्यांना एकाच दावणीला बांधून 'यांच्यात मुलींना शिकवतच नाहीत' असा निकाल देण्याआधी थोडी चौकशी करायला काय हरकत होती? इराणमध्ये बायकांवर बंधने काय कमी आहेत? तरी तिथल्या विद्यापीठांत मुली निम्म्याच्या आसपास आहेत. डिसेंबर 2022मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली, तेव्हा हे शरियतला धरून नाही असे कैरोच्या अल-अझहर या सुन्नी इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनीच बजावले होते. जानेवारी 2025मध्ये तर तालिबानचेच उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझाई अफगाणिस्तानातल्या खोस्तमध्ये जाहीरपणे बोलले, की चार कोटींतल्या दोन कोटी लोकांवर, म्हणजे बायकांवर, आपण अन्याय करतो आहोत. पुढे ते देशाबाहेर गेल्याच्या बातम्या आल्या. लेखात यातले अवाक्षर नाही. असो.

माझा राग वेगळाच आहे. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवत असे. वर्गात अफगाण मुले असायचीच, मुली मोजक्या. त्यातली हेरातची एक करोनात घरी गेली ती तिकडेच अडकली. ऑगस्ट 2021मध्ये काबूल पडले आणि आपल्या सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा एका फटक्यात रद्द केले. सुरक्षेचा प्रश्न असेल, नाकारत नाही. तिने दुसऱ्या देशात प्रवेशासाठी खटपट केली. त्यासाठी इथे पूर्ण केलेल्या सेमिस्टरचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत दाखला, हवे होते. विद्यापीठाच्या खिडकीवर (नाव घेत नाही, त्यांचे त्यांना कळेल) मला सांगण्यात आले, "विद्यार्थिनीने स्वतः यावे." तिकडे बाईमाणसाला एकटीने विमानात बसू देत नाहीत, म्हटल्यावर, "मग अधिकारपत्र आणा, नोटरी केलेले." नोटरी कुणाची, तालिबानची? हेही विचारले. "मॅडम, नियम आहे." व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले पत्र 'ओरिजिनल नाही' म्हणून परत. मग होस्टेलचे नो ड्यूज, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, आणा. मग संबंधित क्लार्क रजेवर. कागद हातात पडला तोवर त्या दुसऱ्या देशातली प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. डिसेंबर 2024मध्ये अफगाणिस्तानात नर्सिंग आणि सुईणीचे अभ्यासक्रमही मुलींना बंद झाले. तिची धाकटी बहीण त्यातच शिकत होती.

तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आले आणि त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती, तेव्हा आपण खरमरीत अग्रलेख लिहिलात. योग्यच केलेत. पण अफगाण मुलींसाठी एवढा जीव तुटत असेल, तर आपला एखादा बातमीदार त्या खिडकीवरही पाठवा. तिथे ना मुल्ला बसतो ना शरियत लागते. आपलीच माणसे, आपलेच शिक्के.

जागेअभावी पत्र कापणारच असाल तर इराण कापा, खिडकी ठेवा.

निवृत्त प्राध्यापिका, कोथरूड, पुणे

ता. क. : इंडोनेशियाच्या मजकुराशेजारी अफगाणी निळ्या बुरख्याचा फोटो छापला आहे. मागे तुर्कस्तानच्या निवडणुकीलाही हाच लावला होता.