साचा मोडायचा, पण कुठे?

महोदय,
व्हिडिओ गेमच्या प्रत्येक नव्या भागाने जुना साचा मोडलाच पाहिजे, हे आपल्या रविवारच्या अंकातील लेखातले मत एकांगी वाटले. ‘झेल्डा’ या गेम-मालिकेचेच पाहा. १९९८चा ‘ऑकारिना ऑफ टाइम’ गाजल्यावर निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००० साली ‘मजोराज मास्क’ काढला. इंजिन (गेम चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) तेच, बरीचशी पात्रेही आधीच्या भागातून उचललेली. नवा नियम मात्र एक: तीन दिवसांत चंद्र कोसळणार, त्याआधी काळ मागे फिरवायचा. त्यामुळे गावात कोण कधी कुठे जातो यावर पाळत ठेवणे हाच खेळ झाला! लेखकाच्या कसोटीवर हा भाग नापासच ठरेल. नुसते ग्राफिक्स चकचकीत करून तीच मोहीम पुन्हा विकणाऱ्यांची पाठराखण मी करत नाही. पण हाताला सरावलेली बटणे बदलण्याआधी खेळाडूला नवा पेच तरी द्यावा.

– एक वाचक