शिक्षकांचे ग्रुप अभ्यासासाठी मोकळे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवते. राहायला पंचवटीत. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल लोकांचं मत फारसं बरं नाही. फुलांचे फोटो, वाढदिवस आणि बदल्यांच्या याद्या, एवढंच तिथे चालतं असा समज आहे. तेही चालतं. पण गेल्या काही वर्षांत माझ्या शिकवण्यात जो फरक पडला, त्यात अशाच एका ग्रुपचा मोठा वाटा आहे. तो ग्रुप आता सूचनांच्या ढिगाखाली बुजत चाललाय, म्हणून हे पत्र.

माझ्या वर्गातला एक मुलगा हातच्याच्या वजाबाकीत ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहायचा. सगळ्याच गणितांत तसं. दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या हातात दिल्या की उत्तर बरोबर यायचं, वही उघडली की पुन्हा ३५. त्या पानाचा फोटो, नाव झाकून, मी ग्रुपवर टाकला. उपाय सांगणारे बरेच निघाले. पेठ तालुक्यातल्या एका सरांनी मात्र एवढंच विचारलं, "मॅडम, हे कसं केलंस असं त्याला विचारलंत का?" दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "दोनातून सात जात नाय, मंग सातातून दोन काढले." मोठ्यातून लहान वजा करायचं, हे पहिलीत ऐकलेलं तो प्रामाणिकपणे पाळत होता. मग सरांच्याच सांगण्यावरून गणिताआधी अंदाज घ्यायला लागलो. बावन्न रुपयांतले तीस खर्च केले तर किती उरतील? बावीस. आणि सत्तावीसच खर्च केले तर? दुकानात जाणारा मुलगा तो. वहीकडे बघितलं आणि ३५ स्वतःच खोडलं.

असा उलटा प्रश्न विचारणारं माणूस मला ऑनलाइन प्रशिक्षणात भेटत नाही. २०१९ मध्ये 'निष्ठा' हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण सुरू झालं, पुढे त्याचे अभ्यासक्रम 'दीक्षा' या सरकारी ॲपवर आले. त्यातले काही मी मनापासून केले, चांगले आहेत. पण तिथला व्हिडिओ माझ्या वर्गातल्या या मुलाला ओळखत नाही. पेठचे सर ओळखतात, कारण तसाच एक मुलगा त्यांच्याही वर्गात बसलेला असतो. पूर्वी असं माणूस गाठायला शिक्षण परिषदेची, म्हणजे शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीची, वाट बघावी लागे, आणि तिथेही भेटायचे ते आपल्याच केंद्रातले, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातले.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती फार महत्त्वाची. भाताची कापणी उरकली की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत काम भरपूर असतं. पोरं बरोबर येतात. गाव सोडणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी पत्रक आहे, पण पोर इकडच्या शाळेत आलंच नाही तर ते पिशवीतच राहतं. सुरगाण्याच्या एका मॅडम मात्र कुटुंब निघालं की मला मेसेज करतात : अमुक गावच्या शिवारात उतरलेत, मुलगी दुसरीत आहे, जोडाक्षरं अडतात, बेरीज पक्की आहे, वर्गात बोलायला बुजते. बरोबर स्वतःच्या आवाजात सांगितलेली कोकणा बोलीतली एखादी गोष्ट. मुलगी माझ्या शाळेत आली की पहिल्या दिवशी ती गोष्ट तिला ऐकवायची. कुठून सुरुवात करायची, ते मला आधीच माहीत असतं. ही माहिती मॅडम मला एकटीला पाठवतात, ग्रुपवर टाकत नाहीत. तेच योग्य आहे.

आता अडचण. ज्या ग्रुपवर वजाबाकीची चर्चा रंगलेली असते, तिथेच मध्येच 'अत्यंत तातडीचे' येतं. आज पाचपर्यंत लिंक भरा, फोटो टाका, भरल्याचं कळवा. मग शे-दीडशे शिक्षकांचे 'माहिती भरली' असे मेसेज. संध्याकाळी पेठच्या सरांचं उत्तर शोधायचं म्हटलं तर बोट दुखेपर्यंत वर जावं लागतं. नवीन शिक्षकांनी तर विचारायचंच सोडलंय. साहेब त्याच ग्रुपमध्ये असताना 'मला हे शिकवता येत नाही' असं कोण लिहील? मला यातली हीच बाब सगळ्यात गंभीर वाटते. आपल्याला काय जमत नाही हे सांगायची जागा गेली, तर शिक्षक शिकणार कुठे?

फोटोंबद्दलही बोललं पाहिजे. खिचडीच्या रांगेतली मुलं, नवा गणवेश घातलेली मुलं, गावाच्या नावासकट फेसबुकवर जातात. एका आईनं मला विचारलं, "बाई, माझ्या पोरीचा फोटो कुठं कुठं जातो?" मला छातीठोक उत्तर देता आलं नाही, कुणालाच देता येणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो आणि पालकांची संमती मागतो. शिक्षकाला शिकण्यासाठी मुलाचा चेहरा लागतच नाही, वहीचं पान पुरतं.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की आदेश आणि माहितीची मागणी अधिकृत ईमेलवर किंवा फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशा वेगळ्या ग्रुपवर यावी. शिकवण्याचे ग्रुप लहान असावेत, विषयवार, वीस-तीस जणांचे, वेगवेगळ्या तालुक्यांतले शिक्षक मिसळून, आणि त्यात अधिकारी नसावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. वर्गातला प्रश्न मांडला, उपाय करून पाहिला, काय झालं ते लिहिलं, तर ते काम त्या तासांत धरावं. ग्रुपवरचं चांगलं ते वाहून जाऊ नये म्हणून कुणीतरी निवडून नीट लिहून ठेवायला हवं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं ते मनावर घ्यावं. १९८९ पासून दूरशिक्षणाचं काम करणारं मुक्त विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, त्यांची मदत मागता येईल.

मुलांना थेट मोबाइलवर अभ्यास पाठवण्याच्या मात्र मी विरोधात आहे, निदान प्राथमिकला. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर बागेत असतो. कोरोनात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'च्या काळात आम्ही हे जवळून बघितलंय.

पुढच्या शिक्षण परिषदेत वेगळ्या ग्रुपचा विषय घ्यावा, असं मी आमच्या केंद्रप्रमुखांना लेखी दिलं आहे. इतर केंद्रांतल्या शिक्षकांनीही आपापल्या केंद्रप्रमुखांना तसं लिहून द्यावं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
पंचवटी, नाशिक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)