सासवडच्या काकूंना, सोललेल्या घाट्यांबद्दल

काकूंना सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

तुमच्याकडून विकत घेते ती पौषातली भाजीची थैली म्हणजे ओट्यावर जागा पुरत नाही. मेथी, चाकवत, पातीचा कांदा, मटार, पावटे, घेवडा, गाजरं, काटेरी वांगी आणि मुळा, मुळा, मुळा. एरवी आनंदाने निवडत बसते, पण यंदा उजवा हात प्लास्टरमध्ये. घरपोच भाजी देणाऱ्या एका ॲपवर 'निवडलेली मेथी' दिसली म्हणून मागवली, तर आली ती काळी पडलेली, पाणी सुटलेली. तक्रार केली. म्हणे फोटो अपलोड करा. केला. उत्तर आलं, 'आपला दिवस शुभ जावो.' असो.

तुम्हाला मी फक्त एवढंच कळवलं होतं की या वेळी थैली नको, निवडायला माणूस नाही. तर थैलीऐवजी डबे आले. मेथी खुडून धुतलेली, मटार सोललेले, पावटेसुद्धा. आणि सगळ्यात खाली स्टीलचा डबा गच्च भरून सोलाणे, म्हणजे हरभऱ्याच्या घाट्यांतले सोललेले हिरवे दाणे.

घाटे सोलणं काय असतं ते सोलणाऱ्यालाच ठाऊक. घाट्यांवरची आंबट आंब बोटांना लागून नखांच्या कडा चरचरतात आणि इतकं करून पदरात पडतात वाटीभर दाणे. विकत घेणाऱ्यासाठी कोण करतं हो हे? त्यावर तुमची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: "किडके काढलेत. भोगीला पुरतील." ती वाचून मला ओट्याशीच रडू आलं. ऐन कामाच्या घाईत, दिवेलागणीनंतर बसून तुम्ही एकेक दाणा पाहिला असणार. ज्यांच्याकडे गोदामं आणि गाड्या आहेत त्यांना हे सुचत नाही.

पुरले बरं का! 13 जानेवारीला भोगीची भाजी झाली, तिळाचं कूट घालून. बाजरीच्या भाकऱ्या लेकाने थापल्या. तीळ भाकरीपेक्षा परातीलाच जास्त लागले. उरलेले सोलाणे तेलावर परतून निम्मे जाडसर वाटले आणि आलं-लसूण लावून आमटी केली. चाकवत डाव्या हाताने घोटला, त्यामुळे थोड्या गुठळ्या राहिल्या. ताक आणि लसणाच्या फोडणीने सांभाळून घेतलं. सासरे एरवी पालेभाजीला नाक मुरडतात, त्यांनी दोनदा मागून घेतला.

सोलण्याचे पैसे तुम्ही घेणार नाही, हे माहीत आहे. डबे परत पाठवतेय. त्यातल्या एकात गाजराचं लोणचं आहे, मोहरी अंमळ जास्त चढलीय. आणि काकू, आता मुळा जरा हात राखूनच पाठवा.

तुमची,
पुण्याची गिऱ्हाईक